अँबॅसिडर की इंडिका? दोन जुन्या गाड्यांवरून शिकूया तुलनात्मक अभ्यास

पीएचडीच्या प्रवेशासाठी जे सिनॉप्सिस येतात, त्यांत 'अमुक आणि तमुक यांचा तुलनात्मक अभ्यास' असं शीर्षक असलेले भरपूर असतात. दोन शाळा, दोन योजना, दोन कादंबऱ्या, दोन वाणांची पिकं. शीर्षक सोपं वाटतं, कारण तुलना तर आपण रोजच करतो. पण मुलाखतीत समितीने 'कशाची तुलना, कोणत्या मापाने आणि हीच दोन का?' असे तीन प्रश्न विचारले की बरेच जण अडखळतात. तिथे अडखळलं तर निदान सुधारायला वेळ असतो. खरा धोका पुढे आहे. दोन वर्षं माहिती गोळा करून झाली आणि मग कळलं की दोन्ही बाजूंचे आकडे एकाच मापाने मोजलेलेच नाहीत, तर ती दोन वर्षं परत मिळत नाहीत.

मागच्या लेखात आपण गृहीतक कसं लिहायचं ते पाहिलं. आज तुलना. उदाहरण मुद्दाम असं घेतलंय की कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला समजावं आणि पुण्यात कुठल्याही कट्ट्यावर ज्यावर वाद होऊ शकतो: जुनी अँबॅसिडर चांगली की जुनी इंडिका?

हीच दोन का?

'दोन्ही मला आवडतात' हे उत्तर समितीसमोर चालत नाही. निवडीला कारण लागतं. इथे कारण आयतं मिळतं.

इंडिका ही पुण्याची गाडी. तेव्हा टेल्को असं नाव असलेल्या टाटा मोटर्सने ती पिंपरीच्या कारखान्यात बनवली. त्यासाठी ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला, सुटा केला आणि जहाजाने इकडे आणला. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत गाडी लोकांना दाखवली आणि ३० डिसेंबर १९९८ ला ती बाजारात आली. ही गाडी कशी असावी याचं रतन टाटांनी मांडलेलं सूत्र प्रसिद्ध आहे: आकार मारुती झेनएवढा, आतली जागा अँबॅसिडरएवढी, किंमत मारुती ८०० च्या जवळपास आणि चालवायचा खर्च डिझेलचा.

हे वाक्य जाहिरातीसारखं वाचू नका, संशोधकासारखं वाचा. यात चार दावे आहेत, चारही मोजता येतात आणि प्रत्येकात 'कशाच्या तुलनेत' हे सांगितलेलं आहे. चांगलं गृहीतक असंच असतं. त्यातला 'जागा अँबॅसिडरएवढी' हा दावा आपल्याला या दोन गाड्या शेजारी उभ्या करायला रीतसर कारण देतो. म्हणजे निवड आपल्या आवडीतून आलेली नाही, प्रश्नातून आली आहे.

'अँबॅसिडर' म्हणजे नक्की कोणती?

इथे पहिला खड्डा आहे. हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसिडर पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनायची. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ वरून ती घेतलेली. १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत ती बनत राहिली. या काळात मार्क १, मार्क २, मार्क ३, मार्क ४, मग १९९० ची नोव्हा आणि १९९२ पासून इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन असलेली गाडी, असे अवतार झाले. बाहेरून सगळ्या बहिणी-बहिणी दिसतात, आतून नाहीत. एका काकांची अँबॅसिडर घाटात दम टाकायची आणि दुसऱ्या काकांची सुसाट जायची, तर दोघंही खरं बोलत असू शकतात.

इंडिकाचंही तेच. पेट्रोल वेगळी, डिझेल वेगळी. १९९८ ची वेगळी, २००१ ची सुधारलेली व्ही२ वेगळी.

म्हणून आपण व्याख्या बांधून घेऊ. अँबॅसिडर म्हणजे १४८९ सीसीचं डिझेल इंजिन असलेली, मार्क ४ च्या काळात आलेली गाडी. इंडिका म्हणजे १४०५ सीसीचं डिझेल इंजिन असलेली सुरुवातीची गाडी. आता बघा काय साधलं: इंधन दोन्हीकडे तेच, इंजिनाचा आकार जवळजवळ सारखा, टर्बो दोन्हीत नाही. शिवाय दोन्ही इंजिनांत डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात फवारलं जातं आणि तिथून जाळ मुख्य सिलिंडरमध्ये जातो, म्हणजे ज्वलनाची पद्धतही एकाच जातीची. पेट्रोल अँबॅसिडर आणि डिझेल इंडिका घेतली असती, तर फरक गाडीचा की इंधनाचा हे शेवटपर्यंत कळलं नसतं. तुमच्या विषयातही हेच करायचं: ज्या गोष्टीचा फरक बघायचा ती सोडून बाकी जेवढं सारखं ठेवता येईल तेवढं ठेवायचं.

कागदावरचे आकडे

आता माहितीपत्रकातले मुख्य आकडे घेऊ. व्हेरियंटप्रमाणे थोडेफार बदलतात म्हणून 'सुमारे' हा शब्द सगळीकडे धरून चाला.

अँबॅसिडर डिझेल
– इंजिन: १४८९ सीसी
– कमाल शक्ती: ३७ अश्वशक्ती, मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या आसपास
– लांबी: ४३२५ मिलिमीटर
– पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर (व्हीलबेस): २४६४ मिलिमीटर
– रिकाम्या गाडीचं वजन: ११०० किलो किंवा थोडं जास्त
– इंजिन उभं, ताकद मागच्या चाकांना

इंडिका डिझेल
– इंजिन: १४०५ सीसी
– कमाल शक्ती: ५३ अश्वशक्ती, ५५०० फेऱ्यांच्या आसपास
– लांबी: ३६७० मिलिमीटरच्या आसपास
– व्हीलबेस: २४०० मिलिमीटर
– रिकाम्या गाडीचं वजन: १००० किलोच्या आसपास
– इंजिन आडवं, ताकद पुढच्या चाकांना

एक बारीक गोष्ट. जुन्या माहितीपत्रकांत शक्ती कधी बीएचपीत असते, कधी पीएसमध्ये. दोन्हीला आपण मराठीत अश्वशक्तीच म्हणतो, पण १ पीएस म्हणजे ०.९८६ बीएचपी. इंडिकाचा आकडा ५३.५ पीएस असा छापलेला असतो, तो बीएचपीत ५२.८ होतो, म्हणून वर ५३ धरलाय. इथे फरक किरकोळ आहे. पण त्याहून मोठी गोम अशी की काही जुन्या माहितीपत्रकांत इंजिन नुसतं टेबलावर ठेवून, अल्टरनेटर, सायलेन्सर वगैरे न जोडता मोजलेली ढोबळ शक्ती दिलेली असते, आणि नंतरच्या पत्रकांत सगळं जोडून मोजलेली निव्वळ शक्ती. एकाच इंजिनाचे हे दोन आकडे बऱ्यापैकी वेगळे येतात. त्यामुळे आकडा उतरवून घेताना त्याच्या शेजारी तो कसा मोजला हेही उतरवायचं. समाजशास्त्रातल्या मुलांनो, तुमच्याकडे 'साक्षरतेचा दर' हे अगदी असंच प्रकरण आहे. कोणत्या वयापुढच्या लोकसंख्येतला दर, हे विचारल्याशिवाय दोन जनगणनांची तुलना होत नाही.

भाजक बदला, गोष्ट बदलते

३७ विरुद्ध ५३. कच्चा आकडा सांगतो की इंडिका सुमारे ४३ टक्के ताकदवान. पण कशामागे?

इंजिनाच्या लिटरमागे बघितलं तर अँबॅसिडर सुमारे २५ आणि इंडिका सुमारे ३८ अश्वशक्ती. फरक ५० टक्क्यांच्या वर गेला.

वजनाच्या टनामागे बघितलं तर अँबॅसिडर जास्तीत जास्त ३४ आणि इंडिका ५३. फरक आणखी वाढला.

तिन्ही आकडे बरोबर आहेत. मग वापरायचा कुठला? ते प्रश्नावर ठरतं. इंजिन बनवणाऱ्याचं कसब बघायचं असेल तर लिटरमागची शक्ती. रस्त्यावर गाडी कशी पळेल हे बघायचं असेल तर टनामागची शक्ती. आपल्याला हवा तो निकाल देणारा भाजक निवडायचा, हा प्रकार मात्र समितीच्या चटकन लक्षात येतो. म्हणून भाजक आकडे बघण्याआधी ठरवायचा आणि कारणासकट लिहून ठेवायचा.

आता पुढचा प्रश्न, 'का?'. इंजिन जवळजवळ तेवढंच, तरी शक्ती दीडपट कशी? शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्यांचा वेग. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. ४००० फेऱ्यांना ३७ अश्वशक्ती यायला सुमारे ६६ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. ५५०० फेऱ्यांना ५३ अश्वशक्ती यायला सुमारे ६९. म्हणजे दोन्ही इंजिनांचा जोर त्या क्षणी जवळपास सारखाच आहे! इंडिकाचं इंजिन प्रत्येक फेरीत फार काही जास्त काम करत नाही, ते मिनिटाला जास्त फेऱ्या मारू शकतं. दोन कामगार सारखंच ओझं उचलतात, पण एक जण जास्त खेपा मारतो, तसं.

याचा व्यवहारातला अर्थही बघा. इंडिकाचा कमाल टॉर्क २५०० फेऱ्यांच्या आसपास सुमारे ८५ न्यूटन-मीटर. गणित केलं तर त्या वेगाला तिची शक्ती ३० अश्वशक्तीच्या आसपास भरते. लक्ष्मी रोडच्या गर्दीत कोणी ५५०० फेऱ्यांवर गाडी चालवत नाही. म्हणजे माहितीपत्रकावरची ५३ अश्वशक्ती शहरात फिरताना बहुतेक वेळ वापरातच येत नाही. कमाल आकडा आणि रोजचा आकडा यांत असा फरक असतो. 'कमाल क्षमता' मोजणारा कुठलाही अभ्यास वाचताना हे डोक्यात ठेवा.

'जागा' मोजायची कशी?

आता मुख्य दावा. इंडिकात अँबॅसिडरएवढी जागा आहे का?

अँबॅसिडर इंडिकापेक्षा सुमारे ६५ सेंटिमीटर लांब आहे, म्हणजे दोन फुटांच्या वर. लांबीवरून ठरवायचं तर दावा तिथेच पडला. पण व्हीलबेस बघा: २४६४ आणि २४००. फरक फक्त ६४ मिलिमीटर. बाहेरचा दोन फुटांचा फरक चाकांच्या मध्ये अडीच इंचांवर आला. अँबॅसिडरच्या एकूण लांबीत व्हीलबेसचा वाटा सुमारे ५७ टक्के, इंडिकात सुमारे ६५ टक्के.

माणसं साधारण या चाकांच्या मधल्या भागातच बसतात. अँबॅसिडरचं इंजिन उभं, त्यामुळे नाक लांब. ताकद मागे न्यायला गाडीच्या पोटाखालून दांडा जातो, त्याच्यासाठी आतल्या तळाला मध्ये उंचवटा येतो आणि मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याला पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न पडतो. इंडिकाचं इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या शेजारीच, ताकद पुढच्याच चाकांना. तो दांडाच नाही.

मग दावा खरा का? थांबा. 'जागा' हा शब्द अजून आपण मोजण्याजोगा केलेला नाही. बसणाऱ्याच्या पायांना मिळणारं अंतर, खांद्याजवळची रुंदी, डोक्यावरची उंची, मधल्या माणसाची सोय आणि डिकी, हे पाच वेगवेगळे चल आहेत. वाहन उद्योगात यासाठी ठराविक मापं ठरलेली आहेत. बसलेल्या माणसाच्या नितंबाच्या सांध्याचा बिंदू धरून पुढे, मागे, वर किती मोकळं आहे ते मोजतात, म्हणजे पुण्यात मोजलं काय आणि जपानात मोजलं काय, माप तेच येतं. याला आपण संशोधनाच्या भाषेत कार्यात्मक व्याख्या म्हणतो.

या पाच मापांवर दावा तपासला तर निकाल सरसकट येत नाही. पायांच्या आणि मधल्या माणसाच्या बाबतीत छोटी गाडी मोठीच्या जवळ पोचते, कारण आराखडाच वेगळा आहे. डोक्यावरच्या उंचीत अँबॅसिडर तगडी, ती १.५९ मीटर उंच आहे आणि तिच्यात माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो. डिकीत तर इंडिका मागेच पडते, कारण तो बाहेरचा दोन फुटांचा तुकडा नाक आणि शेपूट छाटूनच वाचवलेला आहे. म्हणजे प्रबंधात वाक्य असं येईल: 'माणसांच्या जागेपुरता दावा बऱ्याच अंशी टिकतो, सामानाच्या जागेला तो लागू होत नाही.' वाक्य कमी रुबाबदार आहे, पण परीक्षकाला ते मोडता येणार नाही.

कागदावरून घाटात

आतापर्यंत स्पेसिफिकेशन झाली. कामगिरी ही वेगळी गोष्ट. समजा दोन्ही गाड्यांत पाच माणसं मिळून ३५० किलो वजन बसलंय आणि दोघींना ६ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरला ६ मीटर चढत, ताशी ६० किलोमीटरने जायचंय. कात्रज डोळ्यासमोर आणा किंवा दिवे घाट. गणितात मात्र सरळ, सारखा चढ धरलाय.

लागणारी शक्ती तीन भागांत येते: चढासाठी, टायरच्या घर्षणासाठी आणि हवेच्या विरोधासाठी. भरलेल्या अँबॅसिडरचं वजन १४५० किलो, इंडिकाचं १३५० किलो धरलं. टायरचं घर्षण दोघींना सारख्या प्रमाणात, वजनाच्या दीड टक्का. हवेच्या विरोधात अँबॅसिडरला एक तृतीयांश जास्त, कारण तिचं नाक बोथट आणि अंग मोठं. उत्तर असं येतं:

अँबॅसिडरला लागते सुमारे २७ अश्वशक्ती.
इंडिकाला लागते सुमारे २५ अश्वशक्ती.

आता हातात किती आहे? पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. टर्बो नसलेलं इंजिन दर १०० मीटरला ढोबळमानाने एक टक्का शक्ती गमावतं, कारण हवा विरळ होते. ६ टक्के गेले. गिअर आणि पुढची यंत्रणा यांत १५ टक्के गेले असं धरू. उरतात:

अँबॅसिडरकडे सुमारे २९.५ अश्वशक्ती.
इंडिकाकडे सुमारे ४२ अश्वशक्ती.

वजाबाकी करा. अँबॅसिडरकडे शिल्लक दोन-सव्वादोन, इंडिकाकडे साडेसतरा. माहितीपत्रकात फरक ४३ टक्क्यांचा होता, इथे तो साडेसात पटींचा झाला! घरखर्चाचं आहे तसंच हे. एकाचा पगार ३७ हजार, दुसऱ्याचा ५३ हजार, दोघांचा खर्च पंचवीस-सत्तावीस हजार. पगारात फरक दीडपटीहून कमी, पण महिनाअखेर हातात जे उरतं त्यात कितीतरी पटींचा. घाटात पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर तेच 'उरलेलं' कामाला येतं. आपण ज्याला 'पिकअप' म्हणतो ते हेच.

शिवाय ही शिल्लक मिळायला इंजिन नेमकं कमाल शक्तीच्या फेऱ्यांवर फिरायला हवं. अँबॅसिडरला गिअर चार, इंडिकाला पाच, म्हणून योग्य फेऱ्या पकडणं इंडिकाला थोडं सोपं जातं.

पण 'साडेसात पट' असं लिहू नका

हा आकडा बघून हात शिवशिवतात. निष्कर्षात ठळक अक्षरांत टाकावासा वाटतो. आधी तपासा.

चढ ६ ऐवजी ५ टक्के धरला तर शिल्लक होते साडेपाच आणि साडेवीस. गुणोत्तर पावणेचार पटींच्या आत आलं. उलट चढ ६ टक्केच ठेवून अँबॅसिडरचं वजन फक्त ५० किलोने वाढवलं, तर तिची शिल्लक दीडवर येते आणि गुणोत्तर जवळजवळ बारा पटींवर जातं. गाडी तीच, घाट तोच, उत्तर मात्र चारपासून बारापर्यंत कुठेही.

कारण साधं आहे. दोन मोठ्या, जवळजवळच्या संख्यांची वजाबाकी केली की छोटी संख्या उरते, आणि मूळ संख्यांतली थोडीशी चूक त्या छोट्या संख्येत प्रचंड दिसते. मग अशा संख्येने भागायला गेलं तर विचारूच नका. 'आधी आणि नंतर'च्या गुणांमधला फरक मोजणारे शिक्षणशास्त्रातले अभ्यास नेमके इथेच घसरतात.

मग ठाम काय सांगता येतं? क्रम. गृहीतकं रास्त मर्यादेत कशीही हलवली तरी इंडिकाची शिल्लक जास्तच राहते. निष्कर्षात क्रम लिहायचा, त्याचं कारण लिहायचं आणि गुणोत्तर किती हलतं हे तक्त्यात दाखवायचं. आणखी एक लक्षात घ्या: पुण्याच्या उंचीचा ६ टक्के तोटा दोघींना सारखाच बसला. म्हणून माहितीपत्रकातल्या शक्तीचं गुणोत्तर त्याने बदलत नाही, पण शिल्लक मात्र बदलते. एकच चूक एका मोजमापाला काही करत नाही आणि दुसऱ्याला बिघडवते. तुमच्या अभ्यासातली चूक कुठल्या प्रकारची आहे हे स्वतःला विचारा.

अ‍ॅव्हरेज किती देते?

हा तर पुणेरी प्रश्न! आणि या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर देणारी संस्थाही पुण्यातच आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, १९६६ साली स्थापन झाली. वेताळ टेकडीवर तिचं ठाणं आहे. तिथे गाडी रस्त्यावर न पळवता रुळांवर पळवतात, ठराविक वेळात ठराविक वेग गाठायचा, थांबायचं, परत निघायचं. या ठरलेल्या क्रमाला ड्रायव्हिंग सायकल म्हणतात. जुन्या भारतीय सायकलचा एक फेरा १०८ सेकंदांचा, सरासरी वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास आणि कमाल ४२. २००० नंतरच्या सुधारित सायकलमध्ये ताशी ९० पर्यंतचा वेगवान भागही जोडला.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे चाचणी पुन्हा करता येते. तीच गाडी परत आणली तर आकडा जवळपास तोच येतो. याला विश्वसनीयता म्हणतात. पण तुमच्या कर्वेनगर ते हिंजवडी प्रवासाशी तो आकडा किती जुळेल हा बाह्य वैधतेचा प्रश्न आहे. म्हणून 'एआरएआयचा आकडा खोटा असतो' हे कट्ट्यावरचं वाक्य अर्धवट आहे. तो दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला आहे, तुमच्या महिन्याच्या डिझेलचा अंदाज बांधायला नाही. मात्र तुलनेसाठीही दोन्ही गाड्या एकाच सायकलवर मोजलेल्या हव्यात. १९९० चा एक आकडा आणि २००१ चा दुसरा असं जोडून चालणार नाही.

आणि 'चालवायचा खर्च डिझेलचा' हा दावा? त्यातला एक चल गाडीत नाहीच. तेव्हा इंधनाचे दर सरकार ठरवायचं आणि डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त असायचं. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. इंजिनात एक स्क्रूही न बदलता दाव्याचा जोर बदलला. संदर्भ बदलला की निकाल बदलतो, म्हणून काळ शीर्षकातच लिहायचा.

मालकांनाच विचारलं तर?

मुलाखती घ्या, जरूर घ्या. पण आज रस्त्यावर दिसणारी अँबॅसिडर कोणाची आहे? ज्यांनी ती जपली, जिच्यावर पैसे खर्च केले, जिच्यावर जीव आहे, त्यांची. जिने त्रास दिला ती केव्हाच भंगारात गेली. उरलेल्यांनाच विचारलं तर 'आजवर कधी बंद पडली नाही' असंच ऐकू येणार. इंडिकाचं वेगळं. तिच्यातल्या अनेक टॅक्सी आणि कंपन्यांच्या केबल म्हणून धावल्या, दिवसरात्र, वेगवेगळ्या ड्रायव्हरांच्या हातात. जपलेल्या गाडीची आणि राबवलेल्या गाडीची तुलना झाली, तर आपण गाड्या न मोजता वापर मोजला.

मग जुनी नोंद शोधा. सुरुवातीच्या इंडिकांबद्दल आवाज, थरथर आणि टायर झिजण्याच्या तक्रारी तेव्हाच्या वाहनविषयक मासिकांत आल्या होत्या आणि २००१ मध्ये व्ही२ आली. स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात या गोष्टीला रकानाच नाही. तक्त्यात जे नाही त्याचा शोध ग्रंथालयात घ्यावा लागतो, जुन्या अंकांत, धुळीत.

मग चांगली कोणती?

घाटात, भरलेल्या गाडीने, ओव्हरटेक करायचा असेल तर इंडिका. डिकी भरून लग्नाला गावी जायचं असेल आणि घाई नसेल तर अँबॅसिडर. 'एकूण चांगली कोणती' याला उत्तर नाही, कारण तो अजून संशोधनाचा प्रश्न झालेलाच नाही.

तुमचं सिनॉप्सिस गाईडकडे पाठवण्याआधी हे पाच प्रश्न त्याला विचारा:

१. हीच दोन उदाहरणं का? कारण प्रश्नातून आलंय की सोयीतून?
२. प्रत्येक उदाहरणाचा कोणता अवतार, कोणता काळ?
३. मुख्य शब्द, आपल्याकडे 'जागा' होता तसा, किती वेगवेगळ्या मापांत फुटतो?
४. भाजक कोणता, आणि तो आकडे बघण्याआधी ठरवला का?
५. गृहीतकं थोडी हलवली तर निष्कर्षाचं काय टिकतं, क्रम की आकडा?

सराव हवा असेल तर प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८०० घ्या. इंजिन १०८९ आणि ७९६ सीसी, व्हीलबेस २३४० आणि २१७५ मिलिमीटर. पद्मिनीचं इंजिन मोठं, पण गाडी ८०० पेक्षा बरीच जड. वरचे पाच प्रश्न लावा आणि दोन पानांत तुलना लिहा. निष्कर्ष तीन वाक्यांच्या वर जाऊ देऊ नका. तिसऱ्या वाक्यात 'हे कुठे लागू होणार नाही' ते आलंच पाहिजे.

पुढच्या लेखात नमुना निवड.